बाबांच्या मुंडावळ्या

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या वारज्यात मांडव बोलू लागतात. हायवेच्या अंगानं इथे कार्यालयं आणि लॉन्स ओळीनं आहेत. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालावेत तर एका बाजूनं सनई येते, दुसऱ्या बाजूनं मंगलाष्टकं, आणि तिसरीकडे कुणीतरी माइकवर नुसतंच 'हॅलो, चेक' करत असतं. हवेत कोवळी थंडी असते. रस्त्यानं भरजरी साड्या नेसलेल्या बायका स्कूटरवर मागे बसून, एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं गजरा सांभाळत जात असतात.

परवा अशीच एक वरात आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर अडकली. नवरदेव घोड्यावर, खाली त्याचे मित्र. सगळ्यांची सारखी जाकिटं, सारखे फेटे, सारखे काळे चष्मे. पुढे ट्रॅफिक तुंबलेली, बँड दम खात उभा. तेवढ्या वेळात एक मित्र रिकिबीत पाय ठेवून वर चढला आणि नवरदेवाच्या फेट्याचा सुटलेला शेमला नीट करू लागला. दातांत टाचणी धरलेली. नवरदेव मान वाकवून अगदी निमूट बसलेला. हातात ओला टॉवेल घेऊन मी ते बघत राहिले आणि मला हसू आवरेना. कारण हे सगळं मी आमच्या घरी पाहिलेलं आहे. फक्त आमच्याकडच्या नवरदेवानं साठी ओलांडली होती, त्याचे मित्रही त्याच वयाचे होते, आणि तो नवरदेव म्हणजे माझे बाबा.

त्या वर्षी दिवाळीचा फराळ संपत आला होता. बाबा सहकारनगरच्या घरात एकटे राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. रविवारी मी गेले, तेव्हा चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाता खाता त्यांनी सांगितलं की ते लग्न करायचं म्हणताहेत. आयुष्यभर टेलिफोन खात्यात काढलेला माणूस, पण बातमी सांगायची रीत तारेसारखी. वसुधा नावाच्या बाई आहेत. बिबवेवाडीला राहतात. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. ज्येष्ठांच्या एका सहलीला स्वारगेटहून एसटीनं जाताना दोघांच्या जागा शेजारी आल्या होत्या. खिडकीतून दिसणाऱ्या एकेका डोंगराचं नाव त्यांनी बाबांना सांगितलं, आणि परतीच्या वाटेवर ती सगळी म्हणून दाखवायला लावली. बाबांनी म्हणून दाखवली. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालेलं.

मला काय वाटलं ते एका शब्दात सांगता येत नाही. आनंद झाला हे खरं. पण त्याच क्षणी माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, आई तिथून हात पुसत बाहेर येईल आणि विचारेल, काय म्हणताहेत हे, असं वाटून. ती काही आली नाही. मग मीच उठले आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले, तसं फार काही करायचं नाही, ऑफिसात जाऊन सह्या करायच्या, धुतलेला शर्ट घालायचा, झालं. मीही मान डोलावली. या वयात तेच बरं दिसतं, असं मलाही वाटलं होतं.

वाटलं नव्हतं ते वसुधाताईंना.

त्यांना भेटायला मी बिबवेवाडीला गेले. लहानसा, लख्ख ठेवलेला फ्लॅट. भिंतीवर महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा, डोंगर बोटांना लागतील असा. त्यांनी मला थालीपीठ करून वाढलं आणि स्वतःबद्दल सांगितलं. वडील लवकर गेले. पाठच्या दोन बहिणी आणि एक भाऊ यांना मार्गी लावता लावता त्यांचं स्वतःचं लग्न आधी लांबलं, मग त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. त्यात कडवटपणा नव्हता. शाळेतल्या मुलींनी आयुष्य भरून टाकलं, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंही असावं. मी जायला उठले तेव्हा मात्र त्यांनी मला दारात थांबवलं.

"एक सांगू का? मला अंतरपाट हवाय," त्या म्हणाल्या. "सह्या करून लग्न होतं हे मला कळतं. पण बहिणींच्या लग्नात करवली म्हणून कलश घेऊन मी प्रत्येक वेळी बाजूला उभी राहिले आहे. कपडा खाली गेला की समोर मुंडावळ्या बांधलेला माणूस आपल्याकडे बघतो, तेव्हा कसं वाटतं, ते मला एकदा समोरून बघायचंय. हौस आहे म्हणा. तुमच्या बाबांना मी हे सांगू शकले नाही. ते लाजतील."

लाजतील हे अगदी बरोबर होतं. मी बाबांना सांगितलं तर ते कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. बाशिंग बांधायचं वय आहे का हे, लोक काय म्हणतील, फेटा घातला तर शेजारचे विचारतील की कुठल्या कार्यक्रमाला निघालात. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर तळजाई टेकडीवर फिरायला गेले. बाबा कुणाचं ऐकत असतील तर ते टेकडीवरच्या तिघांचं.

हे तिघे आणि बाबा गेली कित्येक वर्षं रोज सकाळी टेकडी चढायचे. एक देशपांडे काका. बाबांचे शाळेपासूनचे मित्र, निवृत्त इंजिनिअर, बोलणं कोरडं, आणि ते बोलले की समोरच्याला थोड्या वेळानं लागायचं. दुसरे वानखेडे काका. अमरावतीकडचे. तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याला आले आणि इथलेच झाले. भाषा पुण्याची झाली होती, पण आनंद झाला की वऱ्हाडी बाहेर यायची. आणि तिसरा माझा सुधीरमामा, आईचा धाकटा भाऊ. आई गेल्यानंतरही तो बाबांना 'भाऊजी'च म्हणायचा आणि न चुकता त्यांच्या डाव्या हाताला चालायचा.

वर बाकावर बसून मी अंतरपाटाचं सांगितलं. मग वानखेडे काकांनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या आणि म्हणाले, "अरविंदराव, त्या माउलीची एवढीशी हौस हाय, अन् तुम्ही लाजून राहिले? नटा न बाप्पा जरासे."

देशपांडे काका म्हणाले, की अरविंद तसाही कुठल्याही कपड्यांत वाईटच दिसतो, तेव्हा फेट्यानं अधिक काही बिघडण्याची भीती नाही. बाबा हसले, आणि त्या हसण्यात त्यांचा होकार होता. मग तिथल्या तिथेच कामं वाटली गेली. वऱ्हाडाचं, गाडीचं आणि वाजंत्रीचं वानखेडे काकांकडे. गुरुजी, मुहूर्त आणि अंतरपाट देशपांडे काकांकडे, कारण वेळेच्या बाबतीत तेवढा निर्दय माणूस आमच्यात दुसरा नव्हता. करवली कोण, असा प्रश्न आला. बाबांना बहीण नाही. तेव्हा मीच म्हणाले की मी होते. मुलगी बापाची करवली असं कुठे ऐकलंय का, असं बाबा पुटपुटले. पुढे गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, शास्त्रात करवलीच नाही, तर ती कोण असावी हे कुठून लिहिलेलं असणार.

या सगळ्यात मामा एक शब्द बोलला नव्हता. तो बुटाची नाडी बांधत बसला होता. कामं वाटताना त्याचं नाव कुणी घेतलं नाही, आणि कुणी घेतलं नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. उतरताना तो पुढे निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं टेकडीवर येणं बंद केलं. मामीनं सांगितलं, गुडघा दुखतोय म्हणतात.

नवरीच्या कपड्यांना किती माणसं असतात, हे मला त्या दिवसांत जाणवलं. साडी कुणी घ्यायची, चुडा कुणी भरायचा, पदर कुणी सावरायचा, प्रत्येक गोष्टीला एक मायेचा हात ठरलेला असतो. नवरदेवाचं मात्र आपण फार लवकर उरकतो. कुर्ता घेतला, धोतर घेतलं, चल उभा राहा. त्याच्या पोटात काय होतंय, त्याला हे रेशीम टोचतंय का, आरशासमोर तो स्वतःला ओळखतोय का, हे त्याला कुणी विचारत नाही. मला वाटतं, नवरदेवाच्या मित्रांचं खरं काम तेवढंच असतं. जॅकेट सारखं असो नाही तर नसो, त्याची थट्टा करता करता त्याला एकटं पडू द्यायचं नाही.

लक्ष्मी रोडला बाबा, दोन्ही काका आणि मी दुपारी गेलो, दुकानात गर्दी कमी असेल म्हणून. ती नव्हती असं नाही. गादीवर बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून विचारलं, नवरदेव नाही आले का सोबत. मी बाबांकडे बघितलं. बाबा छताच्या पंख्याकडे बघत होते. देशपांडे काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे सांगितलं, "नवरदेव हे. आम्ही नुसतेच म्हातारे."

दुकानदार अस्सल पेठेतला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यानं टेप काढली आणि बाबांना म्हणाला, "पोट आत ओढू नका. लग्नाच्या दिवशी तेवढा वेळ ओढून धरता येणार नाही."

त्यानंतर बाबा सैलावले. आधी त्यांच्यापुढे शिवलेलं धोतर आलं, इलॅस्टिकचं, पँटसारखं चढवायचं. त्यांनी ते हातात धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, बांधायचंच असेल तर खरं बांधू. कुर्त्यासाठी दुकानदारानं लाल, मरून, मोरपंखी काढले. बाबांनी बोट ठेवलं ते मोतिया रंगावर, बारीक जरीच्या काठाच्या उपरण्यासकट. फेट्यांवरून मात्र वाद झाला. वानखेडे काकांना सगळ्यांसाठी गुलाबी हवे होते. लग्नात गुलाबी नाही तर मग कधी, असं त्यांचं म्हणणं. देशपांडे काका म्हणाले, गुलाबी फेटा घातला की फोटोत माणूस दिसत नाही, फेटाच दिसतो. मग वानखेडे काकांकडे एकवार बघून म्हणाले, काही जणांच्या बाबतीत ते बरंही असतं. शेवटी गुलाबीच ठरले. वानखेडे काकांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून नाही म्हणणं देशपांडे काकांनाही जमलं नाही.

मित्रांसाठी किती उपरणी काढू, असं दुकानदारानं विचारलं. दुकानात आम्हाला दिसत होते ते दोन मित्र. बाबा जराही न थांबता म्हणाले, "तीन."

ते तिसरं उपरणं पिशवीत सगळ्यात वर होतं. तुळशीबागेत मुंडावळ्या घेतानाही बाबांनी पिशवी माझ्याकडे दिली नाही. मुंडावळ्यांच्या दुकानात गंमतच झाली. मोत्यांची जोडी कपाळावर लावून बघायची तर बाबांचा चष्मा मध्ये येऊ लागला. लड चष्म्याच्या काडीत अडकली. दुकानातल्या बाईंनी सुचवलं, लग्न लागेपर्यंत चष्मा काढून ठेवा. मी तिथूनच वसुधाताईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, चष्मा राहू दे, समोर कोण आहे ते त्यांना दिसायला नको का.

परतताना रिक्षात बाबांनी ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, सुधीरचं उपरणं तू नेऊन दे. मी दिलं तर तो नको म्हणू शकणार नाही, आणि ते मला नकोय.

संध्याकाळी मी मामाकडे गेले. तो गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता. गुडघ्याचं मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. उपरणं मी टेबलावर ठेवलं. त्यानं झारी खाली ठेवून हात पुसले, घडी न मोडता काठावरून बोट फिरवलं. मला वाटत होतं तो चिडला असेल, किंवा आईसाठी दुखावला असेल. पण त्याचं दुःख वेगळंच होतं.

"मी रागावलेलो नाही गं," तो म्हणाला. "त्या बाई चांगल्या आहेत. भाऊजी पुन्हा हसायला लागलेत, ते काय मला दिसत नाही? पण त्या मांडवात मी कुठे उभा राहू, सांग. देशपांडे मित्र आहे, वानखेडे मित्र आहे. मी ताईचा भाऊ. तिच्यामुळे मी त्या घरातला. आता तिच्या जागी दुसरी कुणी आली की मी कोण?"

तू मामा आहेस, असं काहीसं मी म्हणाले, आणि ते मलाच अपुरं वाटलं. उपरणं तिथेच राहिलं. घरी जाताना मी रिक्षातून वसुधाताईंना फोन केला. आदल्या आठवड्यापर्यंत अनोळखी असलेल्या बाईला हे का सांगावंसं वाटलं, कुणास ठाऊक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मामाचा पत्ता विचारला.

पुढचं मला मामीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वसुधाताई एकट्याच आल्या. हातात पेरूंची पिशवी. आल्या आल्या त्यांनी मामाला त्याच्या ताईचा फोटो दाखवायला सांगितलं. मामानं एक दाखवला, मग कपाटातला आल्बमच काढला. आई लहानपणी कशी होती, सायकलवरून कशी पडली, बेरीज करताना बोटं कशी मोजायची, हे सगळं त्या विचारत राहिल्या आणि तो सांगत राहिला. त्याच्याशी आईबद्दल इतकं कुणी बोलून किती वर्षं झाली असतील. आम्ही सगळे त्याला वाईट वाटू नये म्हणून तो विषय टाळायचो. निघताना त्या म्हणाल्या, "मी तुमच्या ताईच्या जागी येत नाहीये. ती जागा भरलेलीच आहे. मला शेजारी थोडी जागा मिळाली तरी पुरे." मामानं त्यांना विचारलं, अजून एक चहा घेणार का. मामी म्हणाली, अगं, या घरात मी पस्तीस वर्षं आहे, दुसरा चहा यांनी आजवर कुणाला विचारला नव्हता.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या सगळ्या मोसमात खरं धाडस कुणी केलं असेल तर ते वसुधाताईंनी. लग्नाला तयार होणं सोपं होतं. एका भावाच्या घरी जाऊन त्याच्या गेलेल्या बहिणीचा आल्बम मागणं सोपं नव्हतं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी देशपांडे काकांच्या हॉलमध्ये धोतराची तालीम होती. सोफे भिंतीला लावले होते. काकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता, त्यातला माणूस भराभर निऱ्या घालत होता आणि बाबा त्याच्या दोन पावलं मागे होते. कासोटा मारला की पुढून सुटायचं, पुढून खोचलं की मागून. वानखेडे काका टाचण्यांचा डबा घेऊन खाली बसले होते. मी स्वयंपाकघरात देशपांडे काकूंबरोबर हसून हसून ओट्याला टेकले होते. तेवढ्यात बेल वाजली. दारात मामा. खांद्यावर ते उपरणं.

सगळे जिथल्या तिथे थांबले. बाबा अर्धवट धोतरात, एका हातात निऱ्या गच्च धरून. मामानं चपला काढल्या, आत आला, व्हिडिओ बंद केला आणि बाबांच्या हातातून निऱ्या घेतल्या. त्याच्या लहानपणी त्यांच्या घरी गणपतीत सोवळं नेसायची पद्धत होती, हात ते विसरले नव्हते. निऱ्या घालता घालताच त्यानं देशपांडे काकांना विचारलं, मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या मागे कोण उभं राहणार आहे.

देशपांडे काका म्हणाले, तिथे मामा लागतो, आणि अरविंदचे मामा जाऊन जमाना झाला, तेव्हा ती जागा मोकळीच राहील.

"मोकळी कशाला?" मामा म्हणाला. "मी उभा राहतो. या घरातला मामा मीच आहे. कुणाचा का असेना."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग मामानं कासोटा जरा जोरातच खोचला, बाबा कळवळले, आणि हॉलमधल्या सगळ्यांनाच हसायला निमित्त मिळालं.

लग्न बिबवेवाडीतल्या एका छोट्या कार्यालयात झालं. मार्गशीर्षातली सकाळ, खिडक्यांतून उन्हाचे पट्टे सतरंजीवर पडलेले. तयारीच्या खोलीत चार पुरुष आणि चार गुलाबी फेटे. फेटे बांधायला माणूस आला होता, पण प्रत्येक फेटा बांधून झाला की वानखेडे काका तो स्वतःच्या हातानं पुन्हा थोडा तिरका करत होते. रुबाब तिरकेपणात असतो, असं त्यांचं मत. मग मी मुंडावळ्या घेऊन पुढे झाले. बाबा खुर्चीवर बसले. माझ्या लहानपणी दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी मी मान वाकवून बसायचे आणि ते मागे उभे राहून माझी वेणी घालायचा प्रयत्न करायचे. आज मी उभी होते आणि ते मान वाकवून होते. मी मागे गाठ मारली, लडी चष्म्याच्या काड्यांबाहेर नीट सोडल्या. त्यांनी विचारलं, मी हास्यास्पद दिसतोय का. मी म्हणाले, तुम्ही नवरदेव दिसताय.

मंगलाष्टकांना देशपांडे काका अंतरपाटाचं एक टोक धरून इतके ताठ उभे होते, की जणू पूल तोलून धरलाय. बाबांच्या मागे मामा होता. त्यानं हात बाबांच्या पाठीला लावलेला नव्हता, पण तो तिथे आहे हे बाबांच्या खांद्यांवरून कळत होतं. मी कलश घेऊन बाजूला. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, कपडा खाली आला. मी बाबांकडे बघणार होते, पण बघितलं वसुधाताईंकडे. त्या बघत होत्या. रीत म्हणून पापण्या खाली, तसं काही नाही. शाळेतल्या बाई फळ्यावरचा नकाशा बघतात तसं, सगळं नीट पाहून घेत.

हार घालायच्या वेळी नवरदेवाला मित्रांनी उचलायचं असतं, हे वानखेडे काकांच्या डोक्यात होतंच. त्यांनी बाबांना एका बाजूनं धरलं, देशपांडे काकांनी दुसऱ्या, मामानं मागून. तिघांनी मिळून जोर केला. बाबांच्या टाचा जेमतेम उचलल्या गेल्या, वानखेडे काकांच्या कमरेतून आवाज आला, आणि अख्खं कार्यालय हसत सुटलं. वसुधाताई हार घेऊन थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ठेवा खाली त्यांना. मी पुष्कळ थांबले आहे, आता नाही थांबणार." आणि त्यांनी हार घातला.

मग त्यांचा भाऊ पुढे आला. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मान घ्यायचा, ही आपली रीत. हा भाऊही पन्नाशीतला, डोक्यावर केस विरळ झालेले. त्यानं संकोचत बाबांच्या उजव्या कानाला हात लावला. मागून मामाचा आवाज आला.

"दुसरा घ्या. तो कान मी एकदा पिळलाय."

आईच्या लग्नात कान पिळायचा मान त्याचा होता. ते आठवून तो बोलला, आणि बोलून झाल्यावर स्वतःच हसायला लागला. बाबाही हसले. वसुधाताईंनी मागे वळून मामाकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. आई त्या मांडवात तेवढ्या वेळापुरती येऊन गेली असं मला वाटलं, आणि तिच्या येण्यानं कुणाचंच काही बिघडलं नाही.

दुपारी सहकारनगरच्या घरी आलो. उंबऱ्यावर मामीनं तांदळाचं माप ठेवलं होतं आणि ओवाळायला ताम्हन घेऊन दार अडवून ती उभी होती. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाली. वसुधाताईंनी सह्याद्री आणि कृष्णाकाठ जुळवून झकास उखाणा घेतला. मग बाबांची पाळी. देशपांडे काकांनी कानात एक यमक सांगितलं, वानखेडे काकांनी त्याहून मोठ्यानं दुसरं. बाबा दोघांचंही ऐकत नव्हते. तोवर ते त्यांना 'अहो' आणि 'वसुधाबाई' याशिवाय हाक मारत नसत. फेटा जरा कलला होता, मुंडावळ्यांची एक लड खांद्यावर आली होती.

"मला काही जुळवता येत नाही," ते म्हणाले. "वसुधा, आत ये."

मामी ताम्हन तसंच धरून राहिली. तिनं पुढे काही मागितलं नाही. वसुधाताईंनी उजव्या पायानं माप लवंडलं, तांदूळ फरशीवर पसरले, आणि त्या आत गेल्या. बाबा गेले, त्यांच्यामागून फेटे घातलेले तिघे गेले आणि हुश्श करत सोफ्यावर बसले. मी कलश हातात घेऊन बाहेरच राहिले होते. हे माझ्या आईचं घर, इथे मी रोज ज्या पायानं शिरले, तोच पाय आज जरा घुटमळला.

तेवढ्यात वसुधाताई आतून पुन्हा दारात आल्या. शालूचा पदर कमरेला खोचलेला.

"केतकी, चल लवकर. ही सगळी मंडळी चहाची वाट बघताहेत आणि साखर कुठे असते तेही मला माहीत नाही. तुझ्या आईनं कुठे काय ठेवलंय ते दाखव, मी तसंच ठेवीन."

मी तांदळांवर पाय पडू न देता आत गेले, कलश ओट्यावर ठेवला, आणि वरच्या फळीवरचा डबा काढून त्यांच्या हातात दिला.